कागामींच्या घरची स्वच्छ वीज

आपले तीन पेले त्या पेटीखाली उपडे घातलेले तोमिएने पाहिले आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पेले काही दुकानातून आणलेले नव्हते. ताजिमी गावातल्या एका भांड्यांच्या कारखान्यात कच्च्या वाडग्यांच्या कडा घासण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. तिथून कायमची निघताना मालकाने शेवटच्या भट्टीतले, साके प्यायचे ते तीन पांढरे पेले तिच्या हातावर ठेवले होते. त्यांच्याही कडा तिनेच घासल्या होत्या. एरवी ते कपाटात असायचे आणि कुणी आपलं माणूस आलं तरच बाहेर निघायचे. आता त्यांच्यावर धुण्याच्या दगडाएवढी जड काळी पेटी बसली होती.

"अहो, हे काय केलंत?"

"चिनी माती कंप खाते," नवरा म्हणाला. तो गुडघ्यांवर बसून पेटीला पाठीमागून वायर लावत होता. "तुझे पेले पातळ आहेत ना, म्हणून जास्त चांगले. आवाज कसा मोकळा झालाय, ऐकशील तर थक्क होशील."

थक्क तर ती आत्ताच झाली होती. कात्सुनोरी कागामी हा तिचा नवरा. जन्मभर चिनी मातीच्या फरश्या विकणाऱ्या कंपनीच्या कचेरीत बसला, एका जागी बसून निवृत्त झाला. त्याला दारूचा नाद नव्हता, जुगाराचा नव्हता, बायकांचा नव्हता. लग्नात सगळ्यांनी तिला नशीबवान म्हटलं होतं. नाद होता तो आवाजाचा. तबकड्या, कपाटाएवढे स्पीकर, काचेच्या दिव्यांचे अॅम्प्लिफायर. आणि केस पांढरे व्हायला लागले तसा तो नाद तबकडीवरून घसरत घसरत थेट भिंतीतल्या विजेपर्यंत येऊन पोचला होता.

त्याचं म्हणणं असं, की आपण स्पीकरमधून ऐकतो ती शेवटी वीजच असते. तीच घाणेरडी असेल तर वाद्य कितीही गोड वाजवलेलं असो, त्यावर धूळ बसणार. म्हणून वीज गाळायची. त्यासाठी ही पेटी, पॉवर कंडिशनर. एका बाजूने घरची वीज आत जाते, पेटी तिच्यातला कचरा काढते आणि दुसऱ्या बाजूने स्वच्छ वीज अॅम्प्लिफायरला मिळते. तोमिए तिला गाळणी म्हणायची.

खोटं कशाला बोला, पहिल्या गाळणीने खरोखरच काम केलं होतं. शेजारच्या कारखान्याची विजेची भट्टी लागली की स्पीकरमधून गांधीलमाशी अडकल्यासारखी गुणगुण यायची, ती त्या पेटीने गेली. तोमिएलाही ते ऐकू आलं होतं आणि तिने मनापासून "गेली हो!" म्हटलं होतं. तिथेच तिची चूक झाली. कारण माणूस एकदा बरा झाला म्हणजे औषध थांबवावं, एवढी अक्कल या माणसाला नव्हती. एक पेटी झाली, दुसरी झाली. मग पेटीच्या आधी लावायची पेटी आली. मग मनगटाएवढी जाड वायर आली. आणि मग एक दिवस अंगणात माणसं आली, त्यांनी तोमिएचं युझूचं, म्हणजे सुवासिक लिंबाचं, झाड तोडलं आणि त्या जागी विजेचा खांब उभा केला.

हो, खांब. रस्त्यावर असतो तसा, डोक्यावर रोहित्राचा डबा घेतलेला, पण कागामींच्या मालकीचा. म्हणजे शेजाऱ्यांच्या घरातली घाण आपल्या तारेत यायला नको. त्या युझूची फळं हिवाळ्यात ती आंघोळीच्या पाण्यात टाकायची, सगळं घर वासाने भरायचं. आता हिवाळ्यात ती खिडकीतून सिमेंटचा खांब बघायची. पहिल्या नवीन वर्षाला तर कात्सुनोरीने दाराला बांधायची गवताची पवित्र दोरी खांबालाही बांधली. गल्लीतल्या बायका तिला विचारायच्या, "मग, खांबोबा कसे आहेत?" तीही हसायची. घरात येऊन भांडी आपटायची.

खांब आपला झाला, शेजारी वगळले गेले, आता घाण करायला उरलं कोण? घरातलेच. रविवारी जेवणं झाली की कात्सुनोरी फिरून एकेक प्लग काढायचा. फ्रिज बंद. कपड्यांचं यंत्र बंद. उन्हाळ्यात एसी बंद, आणि ताजिमीच्या उन्हाळ्यात एसी बंद करणं म्हणजे काय, ते ताजिमीतल्या माणसालाच विचारावं. भिंतींनासुद्धा घाम फुटतो. शेवटी तो ऐकायच्या खोलीच्या दारातून आवाज द्यायचा, "बंद केलंस का गं सगळं?" आणि ती म्हणायची, "केलं." मग दार लागायचं. आत एकच खुर्ची. दुसरी ठेवली तर आवाज तिच्यावर आपटून फुटतो म्हणे.

हे सगळं तिने चालवून घेतलं. दूध नासलं तर टाकलं. घाम आला तर पुसला. बाहेरच्या बायांचा नाद असता तर काय केलं असतंस, असं स्वतःलाच विचारलं आणि गप्प बसली. पण मग तिची फुप्फुसं गेली.

कडा घासताना कोरड्या मातीची जी पांढरी धूळ उडते, ती कपड्यांवरून झटकता येते, केसांतून धुता येते. फुप्फुसातून काढता येत नाही. आधी जिना चढताना धाप लागली, मग अंथरूण घालताना, मग नुसतं बोलताना. डॉक्टरांनी चित्र दाखवून सांगितलं, "कागामीबाई, आता हवेवर भागणार नाही, ऑक्सिजन लागेल. घरीच घ्यायचा." आणि घरी मशीन आलं. उशाशी ठेवायच्या छोट्या कपाटाएवढं. खोलीतली हवा ओढायचं, तिच्यातला ऑक्सिजन वेगळा करायचं आणि लांबलचक नळीतून तिच्या नाकापर्यंत पोचवायचं. एका परीने तीही गाळणीच होती, फक्त ही तिच्यासाठी होती. पहिल्या दिवशी नळी लावून ती न थांबता न्हाणीघरापर्यंत चालत गेली आणि तिथे उभी राहून रडली. इतकं बरं वाटलं होतं.

मशीन बसवणाऱ्या माणसाने दोन गोष्टी बजावल्या. विस्तव जवळ आणायचा नाही. म्हणजे देव्हाऱ्यापुढे उदबत्ती लावायचं काम आता नवऱ्याचं. आणि दुसरी, त्याने चाकांच्या छोट्या गाडीवरचा एक हिरवट सिलिंडर पुढे केला. "हा बाहेर जाताना. दवाखाना, बाजार, नातेवाईक. मापातच असतो. घरात मात्र मशीनच."

त्या रविवारी कात्सुनोरी ऐकायला बसला आणि लगेच बाहेर आला. चेहरा असा, की घरात कुणीतरी गेलंय.

"येतंय," तो म्हणाला.

"काय येतंय?"

"तुझं मशीन. त्याच्या मोटरची गुरगुर तारेतून येतेय. दोन स्वरांच्या मधे शांतता असते ना, ती... ती मळलीय."

तोमिए काहीच बोलली नाही. बोलायला दम लागतो. तो तिच्यासमोर गुडघे टेकून बसला, हात मांडीवर ठेवले आणि अगदी अदबीने, कुणी मोठ्या साहेबाकडे रजा मागावी तसं म्हणाला, "मी मशीन बंद कर असं म्हणतच नाही. फक्त मी ऐकतो तेवढा वेळ तू तो बाहेर जायचा सिलिंडर लाव ना. ऑक्सिजन तोच की."

ओरडला असता तर तीही ओरडली असती. हे अदबीचं मागणं मोठं वाईट असतं, नाही म्हटलं तर आपणच आडमुठे ठरतो. तिने मशीनचं बटण बंद केलं. मशीनची नळी काढून सिलिंडरची लावली. "बंद केलंस?" तो दारातून म्हणाला. "केलं," ती म्हणाली.

असे रविवार चालू झाले. मग रविवारच कशाला, निवृत्त माणसाला रोजच रविवार. सिलिंडर मापातच यायचा. तो संपू नये म्हणून तोमिए त्याची चावी डॉक्टरांनी सांगितली होती त्याच्यापेक्षा कमी ठेवायची आणि माजघरात चटईवर भिंतीला टेकून बसायची. छाती भात्यासारखी वर-खाली व्हायची. पलीकडे, फक्त एका दारापलीकडे, तिचा नवरा डोळे मिटून चेलो, ते व्हायोलिनचं थोरलं भावंड, ऐकायचा आणि कधी कधी त्याच्या गालावरून पाणी यायचं. चेलोसाठी. ते पाणी पुसत तो बाहेर यायचा आणि म्हणायचा, "आज काय शांतता होती!" आणि तिने मशीन पुन्हा लावलं, की जिवात जीव येईपर्यंत तिला उठता यायचं नाही. स्वयंपाकाला उशीर झाला तर तो कधी रागावला नाही. तेवढा तो सज्जन होताच, त्याबद्दल वाद नाही. रागावावं इतकं त्याचं तिच्याकडे लक्षच नव्हतं.

शेवटी तोंड उघडलं ते हात्सुयोने. हात्सुयो ही कारखान्यातली जुनी जोडीदारीण, वाडग्यांना झिलई द्यायची. नवरा वारल्यावर तिने स्टेशनजवळ कॉफीचं छोटं दुकान काढलं होतं. एका दुपारी कलिंगड घेऊन ती घरी आली, तर ही माजघरात घामाने निथळत, सिलिंडर कुशीत घेऊन बसलेली.

"तोमी, कुठे निघालीस?"

"कुठेच नाही. ते ऐकताहेत."

हात्सुयोने बंद दाराकडे पाहिलं, बंद मशीनकडे पाहिलं, फ्रिजच्या लोंबणाऱ्या प्लगकडे पाहिलं. समजायला तिला फार वेळ लागला नाही. "म्हणजे तुझा श्वास याच्या गाण्यात किरकिर करतो, असंच ना?"

"हळू बोल."

"का हळू? माझीही वीज घाण आहे का? अगं ए शहाणे, हा बाहेर जायचा सिलिंडर आहे ना? मग बाहेर जा की! घरात बसून बाहेरची हवा कशाला जाळतेस? ऊठ. माझ्या दुकानात एसी चालू आहे. फ्रिज पण चालू आहे. सगळं घाणेरड्या विजेवर."

तोमिए इतकी हसली की तिला खोकल्याची उबळ आली. पण त्या दिवसापासून तो खोलीत गेला, की ही गाडी ओढत बाहेर पडायची. हात्सुयोच्या दुकानात कोपऱ्यातल्या बाकावर बसायची. कॉफीबरोबर टोस्ट आणि उकडलेलं अंडं यायचं. फळीवरच्या जुनाट टेपमधून गाणी खरखरत वाजायची, मधूनच फिरकी अडकून गाणारी बाई पुरुषासारखी घोगरी व्हायची आणि सगळं दुकान हसायचं. तिथे तोमिए सिलिंडरची चावी डॉक्टरांनी सांगितली तेवढी उघडायची. मग सिलिंडर लवकर संपायचा आणि तिला घाईने परत फिरावं लागायचं, ती गोष्ट वेगळी.

ऑगस्टमध्ये ओबोन आला. गेलेली माणसं घरी येतात ते दिवस. पण कात्सुनोरीला ओबोन प्रिय होता तो दुसऱ्याच कारणाने. त्या दिवसांत गावातल्या सगळ्या भट्ट्या थंड असतात, कारखाने बंद. वर्षभरात एवढी स्वच्छ वीज पुन्हा मिळत नाही म्हणे. ज्या भट्ट्यांवर दोघांचं पोट भरलं, त्या विझल्या की याला सण! म्हणून त्याने नेमक्या त्याच दिवशी नागोयाहून आपले दोन मित्र ऐकायला बोलावले. या लोकांत तशी रीतच आहे, एकमेकांच्या घरी जायचं, तासन्‌तास ऐकायचं आणि यजमानाच्या विजेची तारीफ करायची. तोमिएच्या त्या तीन पेल्यांवर बसवलेली नवी पेटी आज त्यांना ऐकवायची होती.

सकाळपासून तो अॅम्प्लिफायर तापवत होता. तोमिएने देव्हाऱ्यापुढे काकडीचा घोडा आणि वांग्याची गाय करून ठेवली होती, तिच्या आईने त्यांवर बसून यावं-जावं म्हणून. फक्त उदबत्ती राहिली होती.

"अहो, तेवढी उदबत्ती लावता का? आईची."

"लावतो, लावतो. धूर तबकडीच्या सुईवर बसतो गं, पाहुणे येऊन जाऊ देत, मग लावतो." आणि मग तिच्याकडे न बघताच, "हे बघ, आज त्यांना पूर्ण दुपार लागेल. तू हात्सुयोकडे जा. संध्याकाळपर्यंत आली नाहीस तरी चालेल."

"सिलिंडर संध्याकाळपर्यंत पुरत नाही."

"थोडा कमी ठेव ना मग. आजच्या दिवस."

आजच्या दिवस! थोडा कमी ठेव. जसा काही तो गॅस होता आणि वर डाळ शिजत होती. तिला खूप काही म्हणायचं होतं, पण तेवढ्यात दारात पाहुण्यांच्या नमस्कारांचा गलका झाला. तिने मशीनवरची नळी नाकातून ओढून काढली, चटईवर टाकली, सिलिंडरची लावली आणि गाडीचा दांडा धरला.

"बंद केलंस का सगळं?" त्याने ओसरीवरूनच विचारलं.

"केलं!" ती म्हणाली आणि मागच्या दाराने निघून गेली.

ओबोनमुळे हात्सुयोच्या दुकानात तीच एकटी होती. हात्सुयोने तिला जवाचा थंडगार चहा दिला आणि म्हणाली, "तुझं तोंड आज भट्टीसारखं लाल आहे."

"ते म्हणाले, थोडा कमी ठेव."

"काय कमी ठेव?"

तोमिएने सिलिंडरकडे बोट केलं. हात्सुयो एरवी तोंडाळ, पण तिने हातातलं फडकं बाजूला ठेवलं. मग पदरचं काहीतरी काढून द्यावं तशी हळू म्हणाली, "तोमी, तू आज कमी ठेवायचा नाही. पूर्ण उघड. संपला की मी तुला घरी सोडते. मग बघू."

तोमिएने चावी उघडली. टेप खरखरत होता. दोघींनी कारखान्यातल्या गोष्टी काढल्या. दुपार उतरायच्या आतच सिलिंडरचा काटा लाल पट्टीत गेला. हात्सुयोने दुकानाला पाटी लावली, आपल्या छोट्या गाडीतून तिला दारापर्यंत आणून सोडलं आणि म्हणाली, "येऊ आत?"

"नको. माझं मी बघते."

मागच्या दाराने ती माजघरात आली आणि थबकली. मशीन चालू होतं. हिरवा दिवा लागलेला, मोटर गुरगुरत होती आणि चटईवर पडलेल्या नळीच्या टोकातून सुस्स करत ऑक्सिजन बाहेर जात होता. रागाच्या भरात तिने नळी काढली होती, बटण बंद करायचं राहून गेलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा ती "केलं" म्हणाली होती आणि केलं नव्हतं. पूर्ण दुपारभर मशीन, त्याच खांबाच्या त्याच तारेवर, आपलं काम करत बसलं होतं.

सवयीने तिचा हात बटणाकडे गेला. आणि तेवढ्यात पलीकडून आवाज आले; तबकडी संपली होती, दार उघडं होतं.

"कागामीसाहेब, मी काय बोलू!" हे मुनेकाता, निवृत्त दंतवैद्य, या मंडळींतले सगळ्यात मोठे कान. "ही शांतता! वादकाने गज उचलला आणि खाली ठेवला, त्यामधली जी काळीभोर शांतता आहे ना, ती मी आजवर कुणाच्याच घरी ऐकली नाही."

"तळ नाहीच तिला," ओगिसोने री ओढली. हा वयाने लहान, मुनेकाता म्हणतील त्यावर मान डोलावणारा. "विहिरीत वाकून बघावं तशी."

"पेटीचा गुण आहे," कात्सुनोरीचा आवाज आनंदाने कापत होता. "आणि पेल्यांचा. आणि घरात आज एकही मोटर चालू नाही, तेही आहेच."

तोमिएचा हात बटणावरच राहिला. मग तिने तो खाली घेतला. चटईवरून नळी उचलली, नाकाला लावली आणि डोळे मिटून मोठ्ठा श्वास घेतला. मग दुसरा. बोलायला दम लागणार होता, तो आधी साठवून घ्यायला हवा होता. त्या दोन श्वासांत तिला सगळे रविवार आठवले. भिंतीला टेकून बसलेले, चावी कमी केलेले, एकेक पायरीसारखे चढलेले रविवार. हे सगळं कशासाठी? कुणालाही ऐकू न येणाऱ्या एका आवाजासाठी!

नळी लांबलचक होती. ती ओढत ती सरळ ऐकायच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"अरे, वहिनी!" मुनेकाता वाकले. "तुमच्या घरची वीज म्हणजे..."

"मशीन चालू आहे," तोमिए म्हणाली.

कुणाला काही कळलं नाही. तिने नाकाजवळची नळी दोन बोटांत धरून दाखवली. "माझं ऑक्सिजनचं मशीन. सकाळपासून चालू आहे. मी बंद करायला विसरले. तुम्ही ऐकलंत ते सगळं मशीन चालू असताना ऐकलंत."

खोलीत जी शांतता पसरली तिलाही तळ नव्हता. कात्सुनोरीचं तोंड उघडं राहिलं होतं. आणि मग, यावर कुणाचा विश्वास बसणार नाही पण असंच झालं, मुनेकातांनी मान तिरकी करून गंभीरपणे म्हटलं, "तरीच. तबकडीच्या दुसऱ्या बाजूला खालच्या स्वरांत मला किंचित, अगदी किंचित धूसरपणा जाणवला होता. मी मुद्दामच बोललो नाही."

"मलाही!" ओगिसो म्हणाला. "काठावर थोडा मळ होता."

तोमिए हसली नाही. तिला जन्मात एवढा राग आला नव्हता.

"डॉक्टर," ती मुनेकातांना म्हणाली, "आता मी माजघरात जाते. मशीन चालू ठेवीन नाहीतर बंद करीन, सांगणार नाही. तुम्ही तिघं ऐका आणि मला सांगा, चालू आहे की बंद. लावा हो तबकडी."

कात्सुनोरी हलला नाही.

"लावा ना! मळ आहे ना? काठावर? ऐका की! मी तुमच्या त्या मळापायी बुडणाऱ्या माणसासारखी हवा मोजून घेत बसते रोज. एकदा तरी बघू द्या मला, तो कुठे आहे ते!"

मुनेकातांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. ओगिसोला एकाएकी नागोयाची गाडी आठवली. दोघं इतक्यांदा वाकले, इतक्यांदा 'तसदी दिली' म्हणाले, की निरोपच संपेना. तोमिए दारातून बाजूला झाली नाही. दोन मोठे कान तिच्या नळीवरून पाय उंच उचलून, काळजीपूर्वक बाहेर गेले.

मग ती ऐकायच्या खोलीत गेली आणि त्या एकुलत्या खुर्चीत बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"पेटी उचला," ती म्हणाली.

"अगं, ती वजनाला..."

"उचला!"

त्याने पेटी उचलली. दोन्ही हातांत, पोटाशी धरून. तोमिएने वाकून आपले तीन पेले काढून घेतले. एकाच्या कडेला चीर गेली होती, नख अडकण्याइतकी. त्या कडेवरून तिने बोट फिरवलं. ही गुळगुळीत करण्यासाठीच तिने धूळ खाल्ली होती. तिन्ही पेले तिने ओच्यात ठेवले.

कात्सुनोरी पेटी धरून तसाच उभा होता. ठेवायची कुठे, हे त्याला सुचत नव्हतं. घामाचे ओघळ त्याच्या हनुवटीवरून पेटीवर पडत होते. तो म्हणाला, "मला खरंच ऐकू यायची गं. ती गुरगुर. मी खोटं बोलत नव्हतो. देवाशपथ, मला ऐकू यायची."

तो खोटं बोलत नव्हता, हे तोमिएला माहीत होतं. याच गोष्टीचा तिला सगळ्यात जास्त राग आला.

"आणि मी?" ती म्हणाली. "मी त्या दाराबाहेर बसायचे. चावी कमी करून. कुत्र्यासारखी धापा टाकत. मशीनपेक्षा मोठा आवाज होता माझा. तो नाही कधी ऐकू आला?"

स्पीकर बंद होते, पेटी त्याच्या हातात होती. माजघरातून मशीनची गुरगुर मात्र स्पष्ट ऐकू येत होती, कारण दार उघडं होतं.

त्याने पेटी जमिनीवर ठेवली. मग स्वयंपाकघरात जाऊन त्याने फ्रिजचा प्लग लावला, आणि काही न विचारता देव्हाऱ्याच्या खोलीत गेला. तोमिएला काडी ओढल्याचा आवाज आला. विस्तवापासून लांब, त्याच खुर्चीत बसून ती उदबत्तीच्या वासाची वाट बघत राहिली. नळीतून हवा येत होती, पूर्ण, डॉक्टरांनी सांगितली होती तेवढी. राग काही कमी झाला नव्हता, आणि तो कमी व्हावा असं तिला वाटतही नव्हतं.